पेठेतील रस्त्याची पाहणी कशी करावी: कोणासोबत, कोणत्या मापांनी आणि त्यानंतर काय

पुण्याच्या पेठांमधील रस्ते यापुढे फारसे रुंद होणार नाहीत, हे आधी मान्य करावे लागते. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू झाले, तेव्हाच्या आणि त्याआधीच्या कसब्यातल्या वाटा पायी चालणारी माणसे, मेणे आणि बैलगाड्या यांच्या मापाच्या होत्या. गेली अनेक दशके एकेक वाडा पाडून नवी इमारत मागे सरकवत रस्तारुंदी चालू आहे, पण तिच्यामुळे रस्त्याची कड करवतीच्या दात्यांसारखी झाली असून त्या प्रत्येक खाचेत दुचाकी उभ्या राहतात. म्हणून आहे ती रुंदी कोणाच्या वाट्याला किती येते, हे नीट मोजून महापालिकेपुढे मांडणे हे नागरिकांच्या हातात असलेले खरे काम आहे. कसबा, बुधवार, नारायण किंवा सदाशिव पेठेतील रहिवाशांनी, गणेश मंडळांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ते कसे करावे, हे येथे सांगितले आहे. कोल्हापूर, वाई किंवा नाशिकच्या पंचवटीतही थोड्या फरकाने हीच पद्धत चालेल.

आधी सोबती ठरवावेत

पाहणीत मोजपट्टीपेक्षा सोबत कोण आहे याला अधिक महत्त्व आहे. धडधाकट तरुणांनी पाहणी केली तर रस्ता ठीकच वाटतो, कारण त्यांना तो अडत नाही. त्यामुळे गटात काठी घेऊन चालणारे एक आजोबा किंवा आजी, व्हीलचेअर किंवा कुबड्या वापरणारी एक व्यक्ती, शक्य असल्यास एक दृष्टिहीन व्यक्ती, कडेवर मूल घेऊन चालणारी आई, पेठेत घरकामाला येणारी एखादी ताई, एक पथारीवाले आणि एक रिक्षाचालक असावेत. वही आणि टेप घेतलेले दोघे-तिघे त्यांच्या मागून चालतील. या सर्वांना सभेला बोलावून प्रश्न विचारू नयेत, कारण सभेत माणूस जे सांगतो आणि रस्त्यावर त्याचे पाऊल जे करते, त्यांत बराच फरक असतो.

वेळ त्यांच्या सोयीची घ्यावी. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून सकाळी पेठेत येणाऱ्या ताईंना दहा वाजता थांबायला सांगितले तर त्यांचे एक घर चुकते आणि बोलणी बसतात. त्यापेक्षा त्या ज्या वेळी बसमधून उतरतात, त्याच वेळी थांब्यावर जाऊन पहिल्या घरापर्यंत त्यांच्यासोबत चालावे. अनेकजणी तिकिटाचे पैसे वाचवण्यासाठी शेवटचे दोन थांबे पायीच येतात, आणि ही गोष्ट वाहतुकीच्या कोणत्याही मोजणीत उमटत नाही. व्हीलचेअरला विचारल्याशिवाय हात लावू नये आणि छायाचित्र परवानगी घेऊनच काढावे.

आमच्या शेजारच्या काकूंसोबत आम्ही घर ते मंडई असे सुमारे चारशे मीटर चाललो, तेव्हाचा अनुभव सांगतो. काकूंचे वय पंचाहत्तरच्या पुढे आहे. पदपथ दर दुकानाशी संपत होता आणि पुन्हा सुरू होत होता. तिसऱ्या चढ-उतारानंतर त्या रस्त्यावर उतरल्या आणि मंडई येईपर्यंत पदपथावर चढल्याच नाहीत. त्यांना रस्त्यावरूनच चालायची सवय आहे, असे आम्ही वर्षानुवर्षे म्हणत आलो होतो. त्या दिवशी मोजले तेव्हा तेवढ्या अंतरात पदपथ अकरा वेळा तुटलेला निघाला आणि एका ठिकाणची पायरी अठ्ठावीस सेंटिमीटर उंच होती. वाटेत काकू थांबून थांबून उभ्या दुचाकींच्या सीटवर हात टेकत होत्या. त्यांच्यासाठी तोच कठडा होता, आणि उन्हात तापलेल्या सीटवरून त्या दर वेळी चटकन हात काढून घेत होत्या. हे वहीत लिहिले नसते तर आमच्या अर्जात ‘पदपथ दुरुस्त करावा’ एवढेच आले असते.

मापे कशी घ्यावीत

पाच मीटरची टेप, खडू, वही आणि मोबाइल एवढे साहित्य पुरते. पदपथाची रुंदी भिंतीपासून कडेपर्यंत मोजू नये, कारण कागदावर हीच रुंदी दाखवलेली असते. खांब, महावितरणची डीपी, झाडाचे आळे, दुकानाची पुढे आलेली पायरी आणि जाहिरातीचा फलक वगळून सर्वांत अरुंद जागी किती मोकळी वाट उरते, ते मोजावे. भारतीय रोड काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेनुसार ही मोकळी वाट किमान १.८ मीटर असावी आणि पदपथाची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी. अडीच मीटर रुंदीचा पदपथ डीपीपाशी साठ सेंटिमीटर उरत असेल, तर व्हीलचेअरच्या दृष्टीने तो संपूर्ण पदपथच साठ सेंटिमीटरचा आहे.

उताराचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येकाने पाठ करावे: एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. पंधरा सेंटिमीटर उंचीच्या पदपथाला १.८ मीटर लांबीचा उतार लागतो. अनेक ठिकाणी अर्ध्या मीटरमध्ये सिमेंटचा गोळा थापून त्यालाच रॅम्प म्हटलेले असते. त्यावरून खुर्ची चढत नाही आणि उतरताना पुढे कलंडते. दुचाकी चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी लावलेल्या खांबांमध्ये किमान १.२ मीटर अंतर आहे का, हेही पाहावे, कारण दुचाकीला अडवताना बरेचदा व्हीलचेअरच अडवली जाते.

चौकातील सिग्नलसाठी मोबाइलमधील घड्याळ वापरावे. पादचाऱ्याचा वेग सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने अठरा मीटरचा रस्ता पंधरा सेकंदांत ओलांडता यायला हवा. गटातील आजोबांना तेच अंतर ओलांडायला प्रत्यक्षात किती सेकंद लागतात, ते तीन वेळा मोजून सरासरी लिहावी. हा एक आकडा दहा पानांच्या निवेदनापेक्षा जास्त बोलतो.

पेठांमध्ये आणखी एक माप विसरू नये, ते म्हणजे वाड्याच्या जोत्याची रस्त्यापासूनची उंची. जुना थर न काढता त्यावर डांबराचा नवा थर घालत गेल्याने कित्येक वाड्यांचे ओटे आणि पायऱ्या रस्त्यात बुडाल्या आहेत आणि पावसाचे पाणी थेट वाड्याच्या चौकात शिरते. क्रॉसिंग उंच करण्याची मागणी करताना त्या उंचवट्यामुळे पाणी कोणाच्या दारात अडेल, हे त्या घरातील लोकांना आधी विचारावे. रस्त्याच्या नव्या कामासाठी ‘जुना थर खरवडून मगच डांबरीकरण’ असे शब्द अर्जात घालावेत. वारसा यादीतील इमारतीलगत काम सुचवायचे असेल, तर महापालिकेच्या हेरिटेज विभागालाही पत्राची प्रत द्यावी.

वाहने नव्हे, माणसे मोजावीत

सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी साडेसहा अशा तीन वेळी प्रत्येकी पंधरा मिनिटे एका ठिकाणी उभे राहून मोजावे. पायी जाणारे, त्यांतील मुले आणि आधाराने चालणारे, सायकलस्वार, दुचाकीवरील माणसे, मोटारीतील माणसे, रिक्षातील प्रवासी, बसमधील अंदाजे प्रवासी आणि हातगाड्या यांचे वेगळे रकाने करावेत. चाळीस प्रवासी असलेली बस म्हणजे चाळीस खुणा, आणि एकटा चालक असलेली मोटार म्हणजे एक खूण. त्यानंतर त्याच जागी रस्त्याची रुंदी कोणाला किती मिळाली आहे ते लिहावे. उभी मोटार कडेपासून सुमारे दोन मीटर जागा घेते. आठ मीटरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या की अर्धा रस्ता उभ्या वाहनांकडे जातो. सम-विषम तारखेच्या पार्किंगचा फलक असलेल्या रस्त्यावर तो नियम प्रत्यक्षात पाळला जातो का, हे सलग दोन दिवस पाहून लिहावे.

बस, मेट्रो आणि रिक्षा

२९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सुरू झाला आणि कसबा पेठ व मंडई ही स्थानके पेठांच्या पोटात आली. येथे पाहणी जिन्यापासून सुरू करू नये. लिफ्ट रस्त्यावर ज्या दाराशी उघडते, तेथून सुरू करावी, कारण ज्यांना मेट्रोची सर्वाधिक गरज आहे ते त्याच दारातून बाहेर पडतात. त्या दारापासून जवळचा बसथांबा, जवळचा रिक्षाथांबा आणि मंडईचे प्रवेशद्वार या तिन्ही वाटा खुर्चीसह चालून पाहाव्यात. लिफ्टकडे जाणारा बाण रस्त्यावरून दिसतो का, हेही नोंदवावे.

बसथांब्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: बस कडेला लागते की रस्त्याच्या मधोमध थांबते, पहिल्या पायरीची रस्त्यापासून उंची किती आणि थांब्यावर बसायला जागा आहे का. थांब्यासमोर रिक्षा किंवा टेम्पो उभे असल्याने बस मध्ये थांबत असेल, तर दोष चालकाच्या माथी मारू नये. पेठांसाठी लहान बसच योग्य आहेत, असे माझे ठाम मत आहे. २०२१ मध्ये पीएमपीने, म्हणजे पुण्याची शहर बससेवा चालवणाऱ्या संस्थेने, दहा रुपयांत दिवसभर प्रवासाची ‘पुण्यदशम’ मिडीबस सेवा सुरू केली, तेव्हा ज्येष्ठ आणि कमी कमाईच्या प्रवाशांना काय हवे आहे याचे उत्तर मिळाले होते: बोळाच्या तोंडापर्यंत येणारी लहान बस, सुट्या पैशांत परवडणारे तिकीट आणि दर काही मिनिटांनी फेरी. बसची मागणी करताना या तिन्ही गोष्टी एकत्र मागाव्यात.

पथारीवाल्यांशी भांडण मांडू नये

पदपथ मोकळा करण्याच्या नावाखाली भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला उठवले आणि दुकानासमोरच्या दहा दुचाकी तशाच राहिल्या, असे घडू देऊ नये. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असावे लागतात आणि त्यांच्यापैकी एकतृतीयांश महिला असाव्या लागतात, त्यामुळे या प्रतिनिधींशी आधीच बोलावे. १.८ मीटरची वाट खडूने आखून दाखवली, तर बहुतेक जण स्वतःच पाटी मागे घेतात. संध्याकाळी उशिरा एकटीने चालणाऱ्या मुलीला तेथे पथारी आणि दिवा असणे किती आधाराचे वाटते, हेही तिला विचारून लिहावे.

एक दिवसाचा प्रयोग

पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला गेला. असा प्रयोग आपल्या गल्लीत करायचा असेल, तर प्रथम वाहतूक शाखेची परवानगी घ्यावी आणि नंतर त्या दिवशी कोणाची अडचण होईल याची यादी करावी. रिक्षाने दवाखान्यात जाणाऱ्या आजी, माल उतरवणारे टेम्पो आणि हमाल, तसेच रुग्णवाहिका यांची सोय आधी लावावी: रिक्षा कोठपर्यंत येईल, माल सकाळी किती वाजेपर्यंत उतरेल, बसथांबा तात्पुरता कोठे हलेल. गणेशोत्सवात आणि पालखीच्या मुक्कामात पेठा वाहनांशिवाय चालतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या दिवसांत वयस्कर माणसे चार-चार दिवस घरातच अडकतात, ही त्या अनुभवाची दुसरी बाजू आहे आणि नियोजन तेथूनच सुरू व्हावे.

अर्ज कसा लिहावा

एका अडचणीला एक पान द्यावे. वरती ठिकाण, त्याखाली घेतलेले माप आणि असावयाचे माप, मध्ये एक छायाचित्र आणि शेवटी नेमकी मागणी. उतार, पदपथ आणि क्रॉसिंग यांसाठी पथ विभाग, सिग्नलच्या सेकंदांसाठी वाहतूक पोलीस, अंधाऱ्या जागेसाठी विद्युत विभाग, थांब्यासाठी पीएमपी, आणि सर्वांची एक प्रत क्षेत्रीय कार्यालयाला द्यावी. प्रत्येक प्रतीवर पोचशिक्का घ्यावा. आधार म्हणून महापालिकेने २०१६ मध्ये मंजूर केलेले पादचारी धोरण, त्याच वर्षीचा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आणि मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यांचा उल्लेख करावा. त्या आदेशात पादचाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ शी जोडला असून पदपथ दिव्यांगांना वापरता येण्याजोगे असावेत, असे म्हटले आहे. लहान कामांसाठी नागरिकांच्या सहभागातून होणाऱ्या अंदाजपत्रकाचा अर्ज भरावा. त्याची मुदत साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असते, म्हणून पाहणी जूनच्या आत उरकावी. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारावे. त्याचे उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

पहिल्या अर्जात सर्व काही मागू नये. आम्ही काकूंच्या वाटेवरील अकरांपैकी तीनच जागा निवडल्या, आणि त्या कोणत्या असाव्यात हे काकूंनी ठरवले. काम झाल्यावर ठेकेदाराचे बिल निघण्यापूर्वी त्याच माणसांसह, त्याच टेपने पुन्हा मोजावे, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर आणखी एकदा जावे. उताराच्या पायथ्याशी पाणी साचत असेल तर त्याच दिवशी छायाचित्र काढून कनिष्ठ अभियंत्यांना दाखवावे, कारण पाणी ओसरल्यावर ती जागा पुन्हा ठीकठाक दिसू लागते.