सलाईनच्या बाटलीवरचा ०.९ आणि बटाट्याच्या फोडी: मूत्रपिंडाचं काम घरी कसं समजून घ्यावं

शाळकरी मुलांना मूत्रपिंडाची आकृती काढता येते, नावंही बिनचूक देता येतात. पण पाणी कमी प्यायलं की लघवी गडद पिवळी का होते, असं विचारलं की गाडी अडते. आकृतीत नळ्या दिसतात, त्यांच्यातल्या द्रावणाची संहती, म्हणजे त्यात किती पदार्थ विरघळलाय ते, दिसत नाही. शरीरातली घाण बाहेर टाकणं हे मूत्रपिंडाचं अर्धंच काम. रक्तातलं मीठ आणि पाणी ठरावीक प्रमाणात राखणं हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते तेच जास्त अवघड. ते समजून घ्यायला तीन ग्लास, थोडं मीठ आणि एक बटाटा पुरतो.

याशिवाय लागेल ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा, औषधाच्या दुकानातली बिनसुईची १० मिलीची सिरिंज आणि मिलीच्या खुणा असलेली बाळाच्या दुधाची बाटली.

पायरी १: मूळ द्रावण

१० ग्रॅम बारीक मीठ बाटलीत घ्या. थोडं पाणी घालून पूर्ण विरघळवा आणि मग १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरा. झालं १० टक्के द्रावण. आधी १०० मिली पाणी मोजून त्यात मीठ टाकू नका. तसं केलं तर द्रावण १०० मिलीच्या वर जातं आणि संहती १० टक्क्यांपेक्षा कमी भरते. खडेमीठ वापरू नका, त्यात ओल असते.

पायरी २: तीन ग्लास

पहिल्या ग्लासात नुसतं पाणी, १०० मिली. दुसऱ्यात मूळ द्रावण ९ मिली आणि वर पाणी घालून एकूण १०० मिली. तिसऱ्यात मूळ द्रावण ३५ मिली, बाकी पाणी, एकूण १०० मिली. म्हणजे शून्य, ०.९ आणि ३.५ टक्के.

हिशोब सोपा आहे. पाणी वाढवलं तरी मीठ तेवढंच राहतं, म्हणून संहती गुणिले आकारमान आधी जेवढं तेवढंच नंतर: १० × ९ = ०.९ × १००. हा गुणाकार लक्षात ठेवा, लघवीच्या हिशोबात तोच लागणार आहे.

हेच आकडे का? दवाखान्यात लावतात त्या नेहमीच्या सलाईनच्या बाटलीवर सोडियम क्लोराईड ०.९ टक्के असं छापलेलं असतं. हे द्रावण रक्ताशी जवळपास समपरासारी असतं, म्हणजे विरघळलेल्या कणांची संहती दोन्हीकडे सारखीच, म्हणून रक्तपेशी त्यात फुगत नाहीत की आकसत नाहीत. ३.५ टक्के म्हणजे साधारण समुद्राचं पाणी. आणि तुमच्या मूत्रपिंडाचा सर्वांत आतला भागही पाणी वाचवायच्या वेळी जवळपास तितकाच संहत असतो! (ही मीठपाणी फक्त बटाट्यासाठी. जखमेवर, डोळ्यात किंवा पोटात घेऊ नका.)

पायरी ३: बटाटा

साल काढून ५ सेंमी लांब, १ सेंमी जाड अशा सारख्या फोडी कापा. प्रत्येक ग्लाससाठी चार. सुती फडक्याने टिपा, चौघींचं मिळून वजन लिहून ठेवा आणि द्रावणात बुडवा. दोन तासांनी काढा, पुन्हा टिपा, पुन्हा वजन करा. टिपायचं विसरलात तर बाहेरच्या पाण्याचंच वजन होतं.

वजनातला फरक भागिले आधीचं वजन, गुणिले १००. समजा, २० ग्रॅमच्या १७ ग्रॅम झाल्या, तर घट १५ टक्के. साध्या पाण्यातल्या फोडी जड आणि कडक होतात, वाकवल्या की कटकन मोडतात. ०.९ टक्क्यातल्या फारशा बदलत नाहीत. तिसऱ्या ग्लासातली फोड दोन्ही टोकं धरून वाकवा: शिळ्या गाजरासारखी लवते, मोडत नाही. तिच्यातलं पाणी बाहेरच्या जास्त संहत द्रावणाकडे गेलं.

पायरी ४: ग्लासातून मूत्रपिंडात

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून लघवी बनवणाऱ्या सूक्ष्म नळ्या, असतात. दिवसभरात दोन्ही मिळून रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकी सगळं परत रक्तात. यातला दोन-तृतीयांश भाग नळीच्या सुरुवातीलाच परत घेतला जातो, तोही संहती न बदलता. तो दुसरा ग्लास.

पुढे हेन्लेचा पाश लागतो, म्हणजे खाली जाऊन पुन्हा वर वळणारा नळीचा भाग. त्याची चढती बाजू मीठ बाहेर टाकते पण पाण्याला वाट देत नाही. त्यामुळे मूत्रपिंडाचा आतला भाग खारट होत जातो. तिथल्या संहतीत मिठाइतकाच मोठा वाटा युरियाचा असतो. ज्याला आपण टाकाऊ म्हणतो तोच पाणी वाचवायच्या कामाला जुंपलेला. या तिसऱ्या ग्लासातून संग्राहक नलिका, म्हणजे नेफ्रॉनमधला द्रव गोळा करून पुढे नेणारी नळी, जाते. शरीरात पाणी कमी पडलं की मेंदूकडून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक येतं, नलिकेच्या भिंतीत ॲक्वापोरिन नावाच्या पाणवाटा बसतात आणि बटाट्यातून गेलं तसं नलिकेतून पाणी निघून जातं. मागे उरते ती गडद लघवी. भरपूर पाणी प्यालात तर संप्रेरक घटतं, वाटा बंद होतात, लघवी पाण्यासारखी. पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते या ॲक्वापोरिनच्या शोधासाठी.

पायरी ५: तोच गुणाकार

विरघळलेल्या कणांची संख्या मिलिऑस्मोलमध्ये मोजतात. रक्त लिटरला साधारण २९०, तिसरा ग्लास साधारण १२००. माणसाची लघवी जास्तीत जास्त एवढीच संहत होऊ शकते. नेहमीच्या आहारात रोज सुमारे ६०० मिलिऑस्मोल बाहेर टाकावे लागतात. ६०० भागिले १२०० म्हणजे अर्धा लिटर. एक थेंब पाणी प्यायलं नाही तरी एवढी लघवी व्हावीच लागते. लघवी १०० इतकी पातळ असेल, तर तेवढ्याच कणांना ६ लिटर लागतात. समुद्राचं पाणी पिऊन तहान का भागत नाही, याचंही उत्तर इथंच आहे: त्यातलं मीठ बाहेर काढायला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्ची पडतं.

पायरी ६: जुना रिपोर्ट काढा

घरात कुणाचा लघवी तपासणीचा रिपोर्ट असेल तर त्यात 'स्पेसिफिक ग्रॅव्हिटी' (पाण्याच्या तुलनेत लघवी किती जड) ही ओळ शोधा. साधारणपणे आकडा १.००५ ते १.०३० च्या दरम्यान असतो. पाणी जास्त प्यालं तर खाली, कमी प्यालं तर वर. रंगावरून अंदाज येतो, पण बी जीवनसत्त्वाची गोळी किंवा बीट खाल्लं तर रंग फसवतो. एका रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. मात्र मूत्रपिंडं बरीच निकामी झाली की पाणी कमी प्या किंवा जास्त, हा आकडा १.०१० च्या आसपासच अडकून राहतो, कारण लघवी रक्ताइतक्याच संहतीची निघू लागते. अशा रुग्णाने किती पाणी प्यायचं ते डॉक्टर मोजून सांगतात.