जपानमधल्या फुकुओकात मित्रांसोबत रामेन खायला जाताय? मग हे वाचा

तिथलं हाकाता रामेन म्हणजे डुकराची हाडं तासन् तास उकळून केलेला पांढरट रस्सा नि एकदम बारीक नूडल्स, त्यामुळे ग्रुपमधे कोणी व्हेज असेल तर आधीच दुसरी जागा शोधा, नुसतं वरचं मांस काढून भागत नाही. बऱ्याच दुकानांत दारातच तिकिटाचं मशीन असतं, पैसे टाका, बटण दाबा, तिकीट काउंटरवर द्या. नूडल्स 'काता' म्हणजे जरा कडकच सांगा, बारीक असल्याने पटकन मऊ पडतात हो! बाऊल आला की बाकीच्यांसाठी थांबू नका, लगेच सुर्र करून ओढा, आवाज तिकडे चालतो. भूक उरली तर रस्सा शिल्लक ठेवून 'काएदामा' मागा, नुसत्या नूडल्स परत मिळतात. गप्पा मात्र बाहेर येऊन मारा, मागे लाईन असते.