होस्टेलवरची झोप : या चुका टाळा

होस्टेलवर झोप का लागत नाही असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, गोंगाट. तो असतोच. पण माझी झोप सर्वांत जास्त बिघडवली ती माझ्या कॉटने. अभ्यास, खाणं, फोन, सिनेमा सगळं तिथंच. उशीखाली चार्जर, पायाशी लॅपटॉप, कडेला अर्धवट जर्नल. अशा गादीवर दिवा मालवला तरी मेंदू जागाच राहतो. अभ्यास टेबलावर नाहीतर रीडिंग रूममध्ये करा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर कूस बदलत पडू नका. उठा, मंद उजेडात काहीतरी साधं वाचा, डोळे जडावले की परत या. निद्रानाशाच्या उपचारातही हेच करायला सांगतात.

रविवारी झोप भरून काढणं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं. रविवारी बारापर्यंत लोळलात की ते आणखी पुढे सरकतं. त्या रात्री झोप येत नाही आणि सोमवारचं पहिलं लेक्चर पेंगण्यात जातं. झोपायची वेळ जबरदस्तीने पाळता येत नाही, उठायची पाळता येते. म्हणून ती पक्की करा. सुट्टीलाही तासाभरापेक्षा जास्त फरक नको, आणि उठल्याउठल्या बाहेरच्या उजेडात जा. या वयात ७ ते ९ तास झोप लागते. कमी पडली तर दुपारी २०-३० मिनिटांची डुलकी घ्या, संध्याकाळी मात्र नको.

परीक्षेच्या आदल्या रात्री नाइट मारणं. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. पहाटेची झोप कापली की स्वप्नांच्या झोपेचा मोठा हिस्सा जातो, कारण ती रात्रीच्या उत्तरार्धातच जास्त असते. जागं राहायला घेतलेली कॉफीही लवकर उतरत नाही : नऊला प्यायलात तर साधारण दोन-तीन वाजता त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं.

रूममेटशी न बोलता धुमसत राहणं. माझ्या रूममेटचा अलार्म पाचला वाजायचा. फोन उशीखाली, हात आपोआप स्नूझवर. पाच वेळा वाजायचा. तो गाढ झोपेत, मी टक्क जागा. दोन महिने मी गप्प राहिलो. शेवटी बोललो, तेव्हा कळलं की त्याला याचा पत्ताच नव्हता. फोन दाराजवळच्या फळीवर गेला. बंद करायला उठावं लागायचं, त्यामुळे तोही उठू लागला. उशिरा जागणाऱ्याने मोठी ट्यूब बंद करून टेबल लॅम्प लावायचा, फोनवर बोलायला बाहेर जायचं, हेही तेव्हाच ठरलं. तेवढ्यानं भागलं नाही तर इअरप्लग आणि डोळ्यांवरची पट्टी आहेच.

मित्राकडची झोपेची गोळी मात्र घेऊ नका. आठवड्यातून तीन-चार रात्री अशाच जात असतील, घोरताना श्वास अडकतो असं रूममेट सांगत असेल किंवा काळजीने छाती भरून येत असेल, तर डॉक्टरांना किंवा कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा. जाताना दोन आठवड्यांच्या झोपायच्या-उठायच्या वेळा लिहून न्या. त्यांना त्याचा फार उपयोग होतो.