कच्चा ऑडिओ प्रवाह संकुचित स्वरूपात कसा आणावा

खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात किंवा निपाणी-चिकोडीकडच्या गावांत वयस्कर स्त्रियांच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या आणि देवळातली भजने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करणारे एखादे अ‍ॅप तयार करायचे ठरवले, तर पहिली अडचण येते ती फाइलच्या आकाराची. मायक्रोफोनकडून प्रोग्रॅमला मिळतो तो पीसीएम, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांच्या आकड्यांचा सलग प्रवाह. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि चॅनेल (आवाजाची स्वतंत्र वाहिनी) एकच धरले, तरी सेकंदाला ८८,२०० बाइट, म्हणजे तासाला सुमारे ३१७ एमबी जागा लागते. तोच आवाज ओपस या संकुचित स्वरूपात २४ केबीपीएस (सेकंदाला २४ हजार बिट) दराने साठवला, तर तासाभराचे मुद्रण ११ एमबीच्या आत बसते आणि रेंज येत-जात असलेल्या गावातूनही ते पाठवता येते.

संकुचित करणे हे त्यातले सोपे काम आहे. कच्चा प्रवाह नेमका कसा आहे हे ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे, कारण त्या प्रवाहात स्वतःविषयीची कोणतीही माहिती नसते. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला ही माहिती देणारा हेडर असतो, कच्च्या फाइलला तो नसतो. म्हणून मुद्रण सुरू करतानाच सेकंदाचे नमुने (म्हणजे दर), नमुन्याचा प्रकार (किती बिटांचा, पूर्णांक की अपूर्णांक), चॅनेलची संख्या आणि बाइटांचा क्रम (नमुन्यातला कोणता बाइट आधी येतो) या चार गोष्टी शेजारच्या एका मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवाव्यात. अँड्रॉइडवर ४४,१०० हा एकच दर सर्व उपकरणांवर हमखास चालतो, तेव्हा दुसरा दर मागितला असल्यास तो खरोखर मिळाला का, हे कोडमध्ये तपासावे.

ही नोंद नसलेली फाइल हाती आली, तर कानानेही बरेच कळते. ४८,००० दराचे मुद्रण ४४,१०० समजून वाजवले की गाणे रेंगाळते आणि काळी चारमधला सूर पांढरी पाच व काळी तीन यांच्या मधोमध उतरतो. पेटीवर सूर धरून पाहिल्यास हा फरक लगेच लक्षात येतो. एका चॅनेलचा प्रवाह दोन चॅनेलचा समजला गेला, तर आवाज दुप्पट वेगाने धावतो. बाइटांचा क्रम किंवा नमुन्याचा प्रकार चुकला, तर गाण्याऐवजी कर्कश खरखर ऐकू येते, म्हणून अशी फाइल प्रथम वाजवताना हेडफोनचा आवाज कमी ठेवावा.

चार गोष्टी निश्चित झाल्या की कच्च्या फाइलची एक प्रत फ्लॅक या संकुचित स्वरूपात करून ठेवावी. फ्लॅकमध्ये एकही नमुना गमावला जात नाही, त्यामुळे पुढच्या सर्व प्रती तिच्यावरूनच काढाव्यात. ओपस आणि एमपी३ या दोन्हींत आवाजाचा काही भाग टाकून दिला जातो, म्हणून ओपसवरून एमपी३ करणे म्हणजे दोनदा नुकसान सोसणे. फ्लॅकने आकार किती घटेल हे मात्र मुद्रणावर अवलंबून असते. कणकुंबीच्या पावसात पत्र्याच्या छपराखाली मुद्रण केले, तर फाइल अपेक्षेपेक्षा बरीच मोठी होते, कारण पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजाचा पुढचा नमुना मागच्यावरून वर्तवता येत नाही आणि सगळे संकोचन त्या अंदाजावरच चालते. शक्य असेल तर आतल्या खोलीत बसावे.

यानंतर वितरणाची प्रत. एफएफएमपेग हा ध्वनिफाइलींचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम वापरताना नमुन्याचा प्रकार, दर आणि चॅनेल सांगणारे पर्याय इनपुट फाइलच्या नावाआधी द्यावे लागतात. ते नावानंतर लिहिले, तर प्रोग्रॅम ते आउटपुटचे समजतो. आउटपुटसाठी लिबओपस (ओपस तयार करणारी लायब्ररी) निवडून केबीपीएसमधला दर द्यावा. बोलणे आणि एकट्या गळ्यातली ओवी यांना २४ केबीपीएस पुरतात. भजनाला ते पुरत नाहीत: टाळेचा टणत्कार पसरट होतो आणि मृदंगाच्या थापेची धार जाते. तिथे एका चॅनेलला ६४ केबीपीएस द्यावेत. देवळातल्या अँप्लिफायरला पेनड्राइव्ह लावून ऐकणाऱ्या मंडळींसाठी १२८ केबीपीएसची एमपी३ प्रत वेगळी काढावी, कारण तसली यंत्रे ओपस ओळखतीलच असे नाही.

मुद्रण चालू असतानाच संकोचन करायचे असेल, तर थोडी अधिक काळजी लागते. लिबओपस सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा दर स्वीकारत नाही. एफएफएमपेग हा बदल स्वतः करतो, पण लायब्ररी थेट वापरताना प्रवाह आधी ४८,००० वर न्यावा लागतो. तिला ठरावीक लांबीच्याच फ्रेम (नमुन्यांचे गट) लागतात. २० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये प्रत्येक चॅनेलचे ९६० नमुने येतात. मायक्रोफोन मात्र कितीही नमुन्यांचा तुकडा देतो, तेव्हा उरलेले नमुने बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) राखून पुढच्या तुकड्याला जोडावेत आणि शेवटची अपुरी फ्रेम शून्यांनी भरावी. एन्कोडिंग (संकोचनाचे काम) वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या वेगळ्या धाग्यावर करावे. मायक्रोफोन वाचणाऱ्या थ्रेडवरच केल्यास साध्या फोनवर नमुने गळतात आणि ओवीत मध्येच टक्‌ असा आवाज येतो. तयार झालेली पॅकेटे (संकुचित झालेल्या फ्रेम) नुसती एकामागून एक फाइलमध्ये लिहू नयेत. पॅकेट कुठे संपते हे त्याच्या आत नोंदलेले नसते, त्यामुळे अशी फाइल परत उलगडत नाही. ही पॅकेटे ऑग वेष्टनात, म्हणजे त्यांच्या सीमा नोंदवणाऱ्या फाइल-स्वरूपात, लिहावीत आणि मुद्रण थांबल्यावर प्रवाह रीतसर बंद करावा.

कच्ची फाइल पुसण्याआधी तिचे एकूण बाइट सेकंदाच्या बाइटांनी, म्हणजे वरच्या उदाहरणात ८८,२०० ने, भागावेत. २,६४,६०,००० बाइट असतील, तर मुद्रण ३०० सेकंदांचे आहे. फ्लॅकची लांबी याच्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. ओपसमध्ये काही मिलिसेकंदांचा फरक चालतो. त्याहून मोठी तफावत दिसली, तर नोंदवलेला दर आणि चॅनेलची संख्या पुन्हा तपासेपर्यंत कच्च्या फाइलला हात लावू नये.