लेकीकडं स्ट्रासबूर्गला निघालाय? ट्रामचं आधी समजून घ्या

मी केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या शहर बससेवेत, कंडक्टर होतो. मुलगी फ्रान्समध्ये स्ट्रासबूर्गला संशोधन करते, म्हणून आम्ही दोघं तिच्याकडं राहून येतो. कोल्हापुरातनं आता बरेच आईवडील असे जायला लागलेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

तिथल्या ट्राममध्ये कंडक्टर तुमच्यापर्यंत येत नाही. तिकीट थांब्यावरच्या मशीनमधनं काढायचं. पण नुसतं काढून भागत नाही! चढायच्या आधी फलाटावरच दुसरं छोटं यंत्र उभं असतं, त्याला ते लावायचं. तिथनं एक तास मोजला जातो. त्या तासात ट्राम बदला, बस धरा, तेच तिकीट चालतं. बसमध्ये यंत्र गाडीत असतं, ट्राममध्ये मात्र आत काहीच नाही. 'चढून बघू' म्हणालात की तुम्ही विनातिकीट. तपासनीस घोळक्यानं चढतात आणि खिशात कोरं तिकीट सापडलं तरी दंड लावतात. मला ही शिस्त मनापासून आवडते. दिवसभर हिंडायचं असेल तर २४ तासांचं तिकीट घ्या, दोघातिघांना मिळून एकच निघतं.

आता दिशा. गाडीच्या कपाळावर मार्गाचं अक्षर आणि शेवटच्या थांब्याचं नाव असतं. नुसतं 'ए' बघून चढू नका. मुलीचं कॉलेज इलकिर्शला, तिकडं जायचं तर पाटीवर 'ग्राफेनश्टाडेन' पाहिजे. समोरच्या फलाटावरची 'ए' उलटी जाते. चुकामूक झाली तर 'ओम द फेर' गाठा. गोल काचेच्या छपराचा थांबा आहे, बहुतेक मार्ग तिथं एकमेकांना छेदतात. आपल्या बिंदू चौकासारखं, कुणालाही विचारा.

दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नका, दारावरचं बटण दाबा. पायरी चढायची नाही, फलाट आणि गाडी एका पातळीत. हिच्या गुडघ्यांना त्याचा फार आधार वाटला.

ही ट्राम १९९४ ची. जुनी १९६० मध्ये बंद केली होती, ती चूक त्यांनी सुधारली. २०१७ पासून 'डी' मार्ग ऱ्हाइन नदी ओलांडून जर्मनीत केल गावाला जातो. जाताना पासपोर्ट जवळ ठेवा, पोलीस बघायला मागतात.

आणि १ मेला ट्राम-बस बंद असतात. त्या दिवशी रेल्वे गाठायची असेल तर टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा.