फेव्हिकॉलचा डबा उघडण्याआधी

टाकाऊतून कोलाज करायचं ठरलं की सामान शोधायला फार लांब जावं लागत नाही. लग्नपत्रिका, सुटी बटणं, विरलेल्या नऊवारीचा काठ, किल्ली हरवलेलं कुलूप असं बरंच काही घरातल्या एखाद्या पिशवीत साठलेलं असतंच. पुण्यात राहत असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात एक चक्कर मारा. मग सगळं जमिनीवर ओता आणि कागद, कापड, धातू असे ढीग करा, कारण प्रत्येकाची खराब होण्याची तऱ्हा वेगळी.

सर्वाधिक वेळ कागदाला द्या. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, म्हणून तो उन्हाउजेडात पटकन पिवळा पडतो. तो पिवळेपणा हवा असेल तर उत्तमच; नको असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून तीच वापरा. इंकजेट प्रिंट मात्र टाळा, ओल्या ब्रशखाली शाई पसरते. कंडक्टरने पंच केलेली एसटीची जुनी रंगीत तिकिटं मिळाली तर जपून ठेवा. आताच्या मशीनमधून येणाऱ्या तिकिटावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, तेव्हा त्याचीही झेरॉक्सच चिकटवा. कुर्ट श्विटर्स हा जर्मन चित्रकार ट्रामची तिकिटं आणि वेष्टणं चिकटवून चित्रं करायचा. १९१९मध्ये त्याने आपल्या कलेला ‘मेर्त्स’ हे नाव दिलं, तेही कापलेल्या जाहिरातीतल्या ‘कोमेर्त्स’ या शब्दाचा तुकडा उचलून. फाटक्या कागदावरच्या अर्ध्या शब्दातही एवढा जीव असतो, म्हणून अक्षरं असलेले कपटे आधीच वेगळे काढा.

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या चिंधीने कोपऱ्यावर चोळून पाहा. गंजलेल्या लोखंडाची सुटी पापडी पॉलिश पेपरने काढा, पण गंज पुरता घासून टाकू नका; कुलूप किती पावसाळे भिजलं ते त्यातूनच दिसतं. वरून वार्निशचा पातळ हात द्या, नाहीतर ओल्या फेव्हिकॉलमुळे तांबडे डाग आजूबाजूच्या कागदात उतरतात.

पाया म्हणून प्लायवूड किंवा जाड पुठ्ठा घ्या. पुठ्ठा असेल तर मागूनही एक कागद चिकटवायचा, म्हणजे वाळताना तो एका बाजूला वाकत नाही. कागदाला फेव्हिकॉल थोडं पाणी घालून, कापडाला घट्टच. कुलुपासारख्या जड वस्तूला गोंदाचा भरवसा नाही. प्लायला दोन भोकं पाडून ती तांब्याच्या तारेने बांधा. मैद्याची खळ वापरणार असाल तर पुस्तकं बांधणारे बाइंडर घालतात तसं चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, त्यामुळे भांडं स्वयंपाकघरातलं नको आणि मुलांचा हात तिथे पोचता कामा नये.

कटर, स्टीलची पट्टी, दोन ब्रश, ओलं फडकं आणि दाबाला जाड पुस्तकं हाताशी ठेवा. पुस्तकांखाली प्लास्टिकचा कागद हवाच. ऐन पावसाळ्यात हे काम काढू नये असं माझं मत आहे. कागद वाळत नाही आणि आतून बुरशी धरते.

शेवटी सगळं न चिकटवता मांडा, मोबाइलवर फोटो घ्या आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी दोन-तीन तुकडे हमखास जागा बदलतात. फक्त रात्री त्या खोलीतला पंखा बंद ठेवा आणि दाराबाहेर घरच्यांसाठी तशी चिठ्ठी लावा.