नाडी मोजताना या चुका टाळा

नर्सची नोकरी संपली तरी सोसायटीत मी अजून सिस्टरच आहे. त्यामुळे सकाळी कुणी ना कुणी मनगट पुढे करून दारात उभं असतंच. "सिस्टर, ठोके जास्त येतायत." येणारच! लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढून आलात, जिन्यातच फोनवर भांडलात, आता टेकायच्या आधीच नाडी बघायची? मोठ्या माणसाचे मिनिटाला 60 ते 100 ठोके म्हणतात ते शांत बसल्यावरचे. निदान पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा. चहा किंवा तंबाखू झाली असेल तर अर्धा तास जाऊ द्या. मी स्वतः सकाळी जाग आली की अंथरुणातच मोजते, मोबाइल हातात घ्यायच्या आधी. त्यावर बातम्या वाचल्या की कुणाचीही नाडी पळते.

अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःचीच नाडी लागते. तर्जनी आणि मधलं बोट वापरा.

दहा सेकंद मोजून सहाने गुणणाऱ्या घाईखोरांशी माझं जमत नाही. एक ठोका इकडेतिकडे झाला की उत्तर सहाने चुकतं. शिवाय मध्येच ठोका गळतोय का, वेडेवाकडे पडतायत का, हे तेवढ्यात कळत नाही. डॉक्टरांना तर नेमकं तेच हवं असतं. पूर्ण मिनिट मोजा.

220 वजा वय हे सूत्र व्यायामातल्या कमाल ठोक्यांच्या अंदाजाचं आहे, बसल्या नाडीला लावू नका.

सगळ्यात जास्त चीड येते ती कमी आकडा बघून स्वतःच डॉक्टर होणाऱ्यांची. आमच्या मजल्यावरच्या काकांना मुलाने स्मार्टवॉच पाठवलं. एका रात्री त्यात 52 दिसले. झोपेत ठोके कमी होतातच, त्यात काका बीपीसाठी मेटोप्रोलोल घेतात आणि त्या गोळीने ठोके मंदावतात. पण काकांनी कुणाला न विचारता गोळी बंद केली. काही दिवसांनी रात्री काकूंनी दार वाजवलं. काका घामाघूम, छातीत धडधड, नाडी 120 च्या पुढे, बीपीही चढलेलं. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. असली गोळी एकदम तोडायची नसते, डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. काका बरे झाले. घड्याळ आता काकूंच्या कपाटात आहे आणि किल्लीही त्यांच्याकडेच.

रोज पळणाऱ्यांची नाडी 40 ते 60 च्या दरम्यान असू शकते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कमी ठोक्यांबरोबर चक्कर, अंधारी किंवा दम लागत असेल, तर डॉक्टरांकडे जा. शांत बसूनही आकडा रोज 100 च्या वर येत असेल तरीही जा. ताप, अंगात पाणी कमी, रक्त कमी, थायरॉइड, कारणं बरीच असतात. आणि छातीत दुखतंय किंवा माणूस कोसळलाय, तर नाडी मोजत बसू नका, 108 ला फोन करा.